माझ्या बुटातला दुसऱ्याचा खडा

मंगळवारी संध्याकाळी जिममध्ये कुणीतरी माझ्या पाया पडलं.

आधी उजव्या अंगठ्यावर बोटं टेकली, मग डाव्या. अगदी सावकाश. संस्कार असलेल्या माणसाची बोटं होती. मी खाली पाहिलं. मी क्रॉस ट्रेनरवर होतो. माझ्या पायाखाली पॅडल होतं, पॅडलखाली फरशी होती आणि फरशीवर कुणाची तरी पाण्याची बाटली होती. बाटली नमस्कार करत नाही. तरी सवयीनं माझ्या तोंडून "सुखी राहा" निघून गेलं.

शेजारच्या ट्रेडमिलवरच्या कडूकाकू म्हणाल्या, "थँक्यू."

मी अंबर काळमेघ. हे नाव ठेवताना घरच्यांनी हवामान खात्याचा सल्ला घेतला असावा. मी पीकविम्याच्या कंपनीत आहे. ड्रोननं वरून काढलेले संत्र्याच्या बागांचे फोटो पाहून, झाड आजारी आहे की नुसतंच उदास, हे मी ठरवतो. म्हणजे लांबून दुसऱ्याचं दुखणं ओळखणं हा माझा धंदा आहे. पण त्याचं क्षेत्र झाडांपुरतं होतं.

आमच्या अमरावतीत आता मार्चपासून जूनपर्यंत सकाळी आठपासून ऊन उतरेपर्यंत बाहेर पायी फिरायला मनाई आहे. ऊनच तसं पडतं. त्यामुळे सगळं गाव जिममध्ये चालतं. पूर्वी लोक टेकडीवर भेटायचे, पारावर भेटायचे. आता ते एकमेकांशेजारी यंत्रांवर उभे राहून तासभर कुठेही जात नाहीत. सोयरिकी तिथेच जुळतात. माझीही तिथेच जुळायची होती आणि तिथेच फसली.

त्याचं असं झालं. शर्वरी गावंडे वीज कंपनीत अभियंता आहे. आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलं. तिचे वडील गावंडे सर, शाळेतले निवृत्त पी.टी.चे मास्तर. अर्ध्या जिल्ह्याला खो-खो त्यांनीच शिकवला. गळ्यात अजून शिट्टी असते, आंघोळीला जातानाही असते असं शर्वरी म्हणते. सरांनी मुलगा पाहण्याचा कार्यक्रम जिममध्ये ठेवला.

"पोहे-बिहे नंतर," सर म्हणाले. "अर्धा तास मशीन चालवून दाखव."

मी क्रॉस ट्रेनर निवडला, कारण तो बसायच्या जागेच्या सर्वांत जवळ होता. मोठी चूक. ट्रेडमिलवर निदान पाऊल उचलावं लागतं, तेवढाच त्याला श्वास मिळतो. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पॅडलला चिकटलेलं असतं. सगळा भार चवड्यावर येतो, चालून चालून पाय सुजतो, बूट मात्र तेवढाच राहतो. बोटांच्या हाडांमधून जाणाऱ्या नसा दोन्हीकडून दाबल्या जातात. आधी मुंग्या येतात, मग मुंग्याही कंटाळून निघून जातात. अर्ध्या तासानं मी उतरलो तेव्हा घोट्याखाली मला काही नव्हतं. मी एक पाऊल टाकलं आणि सरळ सरांच्या पायांवर पडलो.

"सुखी राहा," सर म्हणाले. त्यांना बरं वाटलं. मग बराच वेळ मी उठलो नाही तेव्हा त्यांना शंका आली.

"पाय झोपतात तुहे?"

"थोडे डुलकी घेतात, सर."

"हे पाहा, माणूस मी पायावरून ओळखतो. ज्याचे पाय झोपतात त्याच्या हाती पोरगी द्यायची म्हणजे काय? साक्षगंधाच्या आत पाय जागे करून ये. नाही तर साक्षगंध नाही." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

जिमचा ट्रेनर म्हणाला, "दादा, लेस ढिली बांधा, मधूनमधून टाच टेकवा, बोटं हलवा." उपाय फारच सोपा होता, म्हणून मी तो केला नाही. मी 'जागल्या' विकत घेतले.

जागल्या म्हणजे पूर्वी गावाची रात्रीची राखण करणारा माणूस. हे काळे मोजे पायाची राखण करतात. त्यांच्या तळव्याला दाब आणि ऊन-थंड ओळखणारी बारीक जाळी आहे आणि घोट्यावर एक पट्टी. त्यामागचं विज्ञान मला विक्रेत्यानं सांगितलं, ते असं: दाबलेली नस मेलेली नसते, फक्त ऐकायला कमी येऊ लागलेली असते. तिला हळू आवाजात काही सांगितलं तर ती दाद देत नाही. पण त्याच वेळी मागे सतत एक बारीक कुजबुज चालू ठेवली, तर कुजबुज अधिक सांगणं मिळून तिच्यापर्यंत पोचतं. वर्गात मागच्या बाकांवर थोडी खुसफुस असली की वर्ग जागा राहतो. पूर्ण शांतता झाली की अख्खा वर्ग झोपतो, तसंच. घोट्याशी नस जागी असते. तिथं पट्टी ही कुजबुज सोडते आणि मेंदूला वाटतं, तळपायच बोलतोय.

अडचण एवढीच, की यंत्रानं बनवलेल्या कुजबुजीला पाय पंधरवड्यात सरावतो आणि पुन्हा झोपतो. जिवंत पायाची कुजबुज मात्र कधी स्वतःसारखी पुन्हा होत नाही. मग कंपनीनं जोड्या लावल्या. माझ्या पायाची कुजबुज कुणा दुसऱ्याला, त्याची मला. दोन पाय जितके सारखे, तितकी जोडी चांगली. माझे पाय चपटे आहेत, मोरीच्या फरशीवर ओला ठसा उमटला तर वीट ठेवल्यासारखा दिसतो. तरी माझा जोडीदार सापडला. कोण, ते कंपनी सांगत नाही.

माझे पाय जागे झाले. मी आनंदात होतो. कंपनीनं एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नव्हती. मेंदू हा फार चोंबडा अवयव आहे. त्याच्या कानावर सतत कुजबुज पडत राहिली की तो अर्थ लावायला लागतो.

त्यानं आधी मंगळवारचा तो नमस्कार ऐकला. मग रोज नमस्कार येऊ लागले. ऑफिसच्या बैठकीत आले, बसमध्ये आले, एकदा मी शौचालयात असताना तीन जण एकापाठोपाठ पाया पडून गेले. मी कोण झालो होतो, मला कळेना. आईला सांगितलं.

"एवढे लोक पाया पडून राह्यले तुह्या?" आई म्हणाली. "मग जरा नीट वागत जा."

नंतर आला खडा.

उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी. लहान, गोल, टणक. पाऊल टाकलं की टोचायचा. मी बूट काढून झटकला. काही नाही. मोजा उलटा करून झटकला. काही नाही. तळपाय आरशात पाहिला, आईनं टॉर्च लावून पाहिला. गुळगुळीत. बूट घातला की खडा हजर. बूट काढला, मोजा ठेवला, तरी हजर. मोजा काढला की गायब! मी नवे बूट घेतले. खडा त्यात माझ्याआधी जाऊन बसला होता.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे माणूस होता की यंत्र, माहीत नाही. गोड बोलत होतं, म्हणजे यंत्रच असावं.

"सर, आम्ही तपासलं. आपल्या मोज्यात खडा नाही."

"मग टोचतंय काय?"

"खडाच आहे, सर. पण तो आपला नाही. आपल्या जोडीदार ग्राहकाचा आहे."

"त्यांना सांगा काढायला."

"त्यांची तक्रार नाही, सर."

"त्यांच्या बुटात खडा आहे, तो मला टोचतोय आणि त्यांची तक्रार नाही?"

"नाही, सर. त्यांनी आपल्याला पाचपैकी पाच तारे दिलेत. लिहिलंय, 'पायात जान आली.'"

"कोण आहेत ते?"

"ते गोपनीय आहे, सर. खड्याबद्दल आणखी काही मदत हवी आहे का?"

संध्याकाळी मी आणि शर्वरी रसाच्या दुकानात बसलो. हे आमचं नेहमीचं टेबल. इथं मी काही वेडंवाकडं बोललो की ती टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते. प्रेमानं नाही, ब्रेक म्हणून. मी बरंच वेडंवाकडं बोलतो, त्यामुळे माझी डावी करंगळी कायम थोडी चपटलेली असते.

मी तिला सगळं सांगितलं. ती वीजवाली. म्हणाली, "गळती आहे. तुझं अर्थिंग गेलंय. मोजे काढून टाक न."

"साक्षगंधापर्यंत नाही काढता येत. पाय झोपले की तुझे बाबा उठून जातील."

"बाबांचं काही सांगू नको," ती म्हणाली. "आजकाल इतके खुश आहेत, की भीती वाटते. म्हणतात, तरुण झालो. उन्हाळ्यात, घरात, दिवसभर मोजे घालून फिरून राह्यले. नुसती शिट्टी बिघडली म्हणून चिडतात. फुंकली की फुस्स होते."

"मोज्यांत शिट्टी ठेवत असतील," मी सहज विनोद केला.

"ठेवतातच," ती गंभीरपणे म्हणाली. "खो-खोवाल्यांची सवय आहे ती. मैदानात उतरताना घड्याळ, अंगठी, किल्ली सगळं मोज्यात, मोजा बुटात. झोपताना मोजे काढले, की शिट्टी तशीच त्यात ठेवतात."

मी म्हटलं, "मग एखाद्या दिवशी पायच वाजतील त्यांचे."

तिनं माझ्या पायावर पाय दिला. तो विषय तिथेच संपला. इतका हुशार मी, की हातात सगळी झाडं असून बाग दिसली नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. पायाखाली खडा आहे आणि ज्याला कळत नाही, तो माणूस कसा असेल? मला तर त्या खड्यानं लंगडायला होत होतं. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत टोचणीभोवती एक ओलसर ऊब जाणवू लागली होती. ती मला आवडली नाही. झाडाच्या बुंध्याशी असा ओलावा दिसला, तर मी लाल शेरा मारतो.

साक्षगंध गावंड्यांच्या घरी होतं. हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं, पेढे, गुलाबपाणी, एसी. सर मधल्या खुर्चीत. नवा सदरा, गळ्यात शिट्टी आणि पायांत काळे मोजे. मे महिन्यात अमरावतीत घरात मोजे घालून बसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा काहीतरी लपवत असतो. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

माझी बोटं त्यांच्या अंगठ्याला लागली. त्याच क्षणी कुणीतरी माझ्या अंगठ्याला बोटं लावली. उजव्या, मग डाव्या.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सुखी राहा," सर म्हणाले.

"सुखी राहा," मीही म्हणालो. मला वाटलं, भावनेच्या भरात असं होत असेल. मी स्वतःच्याच पाया पडलो होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सर उभे राहिले. बोलण्यापूर्वी शांतता व्हावी म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली. फुस्स झालं. तरी शांतता झाली.

"मंडळी, हे माहे पाय पाहा. सत्तरीला आले. आज पोटच्या पोरापेक्षा जास्त भरोसा मले यांच्यावर आहे. मुंगी चालली तरी सांगतो, कोणत्या बोटावर आहे. साक्षगंध झालं की ऊन उतरल्यावर जावईबापूले घेऊन टेकडी चढणार. पूर्ण. वरपर्यंत."

मी म्हणालो, "सर, लिफ्ट—"

शर्वरीनं टाचेनं माझ्या डाव्या पायावर ब्रेक मारला.

"आई गं!" सर ओरडले आणि डावा पाय वर धरून उभे राहिले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. सर म्हणाले, "मुंगी." बसले.

मी शर्वरीच्या कानाशी गेलो. "पुन्हा दे."

"काय?"

"पाय. माझ्या पायावर. आता उजव्या."

"पागल झाला का? सगळे बघून राह्यले."

"दे न."

तिनं दिला. सरांचा उजवा पाय उडाला. "डावा," मी म्हणालो. सरांचा डावा उडाला. "दोनदा." दोनदा उडाला. तिकडे माझ्या आईनं शेजारच्या बाईला विचारलं, "व्याह्यांना नाचायचा नाद आहे का?"

शर्वरीचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. मला अजून एक पायरी उरली होती. माझे पाय सरांकडे जात असतील, तर सरांचे माझ्याकडे येत होते. नमस्कार त्यांचे होते. जिल्हाभरच्या खो-खोवाल्यांचे. आणि खडा त्यांचा होता. मुंगी ओळखणाऱ्या माणसाला आपल्या पायातला खडा माहीत नव्हता, कारण त्याला जाणवत होते ते माझे पाय, आणि माझ्या पायाखाली काहीच नव्हतं. त्यांचे स्वतःचे पाय केव्हाच गप्प झाले होते. ते माझ्या पायांवर खुश होते.

आणि या पायांनी ते टेकडी चढणार होते.

मी त्यांच्यापाशी गेलो, खुर्चीजवळ गुडघ्यावर बसलो आणि हळूच म्हणालो, "सर, उजवा मोजा काढा."

"कायले?"

"आत काहीतरी आहे. टोचतंय."

"मले नाही टोचत."

"मला टोचतंय, सर."

त्यांनी माझ्या पायांतल्या काळ्या मोज्यांकडे पाहिलं. मग आपल्या. मास्तर माणूस, गणित लगेच सुटलं. तोंडावरचा रंग उडाला.

"शुगर किती दिवसांपासून आहे, सर?"

"हळू बोल बे," ते पुटपुटले. "घरी माहीत नाही. अन् सगळ्यांसमोर नको, पोट्ट्या. तुह्या पाया पडतो."

हे ते सहज बोलले नव्हते. हा माणूस कुणाच्या पाया पडत नसे, सगळे त्याच्या पडत. मी खरं सांगितलं असतं तर त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या पाहुण्यांसमोर, पायांवरून माणूस ओळखणाऱ्याचे पाय उघडे पडले असते. त्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. गप्प बसलो असतो तर संध्याकाळी टेकडी होती.

मी उठलो आणि खोटं बोललो.

"आमच्याकडे एक रीत आहे," मी मोठ्यानं म्हणालो. "अंगठी घालायच्या आधी जावई सासऱ्याचे पाय धुतो."

आई म्हणाली, "आपल्याकडे? कधीपासून?"

"आई, बाबांकडून आहे."

बाबांकडच्या पुष्कळ गोष्टी तिला नंतर कळत आल्या आहेत. हॉलमध्ये कुजबुज झाली. रीत कुणालाच माहीत नव्हती, पण माहीत नाही असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कोपऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "हो बाप्पा, पूर्वी होती ही रीत. आता पोट्ट्यायले काही राह्यलं नाही."

झालं. शर्वरी आत पळाली, पितळी परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी परातीसमोर बसलो, सरांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि मोजा सोडवला.

टण्ण!

परातीत एक छर्रा पडला. सायकलच्या बेअरिंगमधला, चकचकीत, एका बाजूनं काळसर लाल. शिट्टीतली मूळ गोळी झिजली तेव्हा सरांनी स्वतः बसवलेला. शिट्टीची खाच रुंद झालेली. झोपताना मोज्यात ठेवलेल्या शिट्टीतून तो निसटला, आणि सकाळी सरांनी शिट्टी काढून गळ्यात घातली, मोजा पायात घातला. तेव्हापासून ते आपल्या शिट्टीच्या आवाजावर उभे राहून आपला आवाज शोधत होते.

चवड्याखाली जखम होती. खोल. मी टॉवेल टाकला, कुणाला दिसायच्या आत. सरांना मात्र दिसली. ते तिच्याकडे असे पाहत होते, जसं कुणी रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं.

"दुखत नाही रे," ते म्हणाले. "काहीच दुखत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज दुखल्यासारखा आला.

"मला दुखत होतं, सर. भरपूर."

मागून आत्याबाईंनी विचारलं, "छर्रा निघाला का? निघाला की शुभ असते."

अंगठी घातली, पेढे वाटले आणि टेकडीऐवजी आम्ही तिघं सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि सरांना जे बोलायचं ते बोलले. सार असं, की आणखी थोडे दिवस गेले असते तर अंगठा गेला असता, आणि तो एकटा गेला नसता. नसा परत यायच्या नाहीत. शुगर सांभाळा, पाय रोज पाहा, पायाशी काय चाललंय हे कळायला कुणीतरी हवं.

पलंगावर सरांनी पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवला. मग म्हणाले, "रोज संध्याकाळी कोणी तरी माह्या पायावर पाय द्यायचं. डाव्या. मी म्हणो, रक्त परत येऊन राह्यलं."

शर्वरी म्हणाली, "बाबा, ती मी होती."

"कायले?"

"हा फालतू बोलतो म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बरंच बोलत असशील तू."

मी कंपनीला कळवलं. त्यांनी सरांच्या संमतीनं जोडी उघड केली आणि तोडायची तयारी दाखवली. गोड आवाज म्हणाला, "सर, आपल्याला दुसरा, खडा नसलेला जोडीदार देता येईल."

मी त्या दिवशी जिममध्ये गेलो, मोजे काढून ठेवले आणि ट्रेनरनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं करून पाहिलं. लेस ढिली केली. मधून टाच टेकवली, बोटं हलवली, थोडा वेळ पॅडल उलटं फिरवलं. अर्ध्या तासानं उतरलो. पाय जागे. म्हणजे हे सगळं रामायण माझ्या बुटाच्या नाडीत बांधलेलं होतं. मला त्या मोज्यांची कधी गरजच नव्हती.

मी बाकावर बसलो आणि मोजे परत घातले. गोड आवाजाला सांगितलं, जोडी राहू द्या.

तेव्हापासून माझं आयुष्य थोडं गर्दीचं आहे. कामाच्या मध्ये मला सरांना, म्हणजे आता मामाजींना, फोन करावा लागतो: "मामाजी, गच्चीवर अनवाणी गेलात का? फरशी तापलीय." किंवा, "मामाजी, उजवा बूट घट्ट आहे." पलीकडून उत्तर येतं, "अन् तू आज मशीनवर गेला नाही. दुपारपासून पाय टेबलावर आहेत तुहे. समजते मले." एकदा मी पहाटे करंगळी पलंगावर आपटली, तर आधी त्यांच्या घरात दिवा लागला.

ती रीतही पसरली. आमच्या साक्षगंधाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला होता. आता आमच्याकडे बऱ्याच घरांत अंगठीआधी जावई सासऱ्याचे पाय धुतो आणि परातीत छर्रा टाकतात. सराफाकडे चांदीचा मिळतो. परवा एका लग्नात एका माणसानं मला ही रीत किती प्राचीन आहे, ते समजावून सांगितलं. मी मान डोलावली. कदाचित असेलही. मला आता कशाचीच खात्री देता येत नाही.

लग्नाच्या दिवशी मात्र आपली नेहमीची रीत होती. कन्यादानाच्या आधी सासरा जावयाचे पाय धुतो. सर पाटासमोर खाली बसले, जखम भरलेला पाय सांभाळत. त्यांच्या पायांत काळे मोजे, माझ्याही पायांत काळे मोजे.

गुरुजी म्हणाले, "मोजे काढा."

"नाही काढत," मी म्हणालो.

"अहो, मोज्यांवरून पाय धुतात का कुठे?"

"शास्त्रात मनाई आहे का?"

गुरुजी विचारात पडले. "मोज्यांचा उल्लेखच नाही शास्त्रात."

"मग धुवा, मामाजी."

कुणीतरी रांजणातल्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्या पायांवर ओतला, आणि मांडवात बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं, की सासऱ्यानं स्वतःचेच पाय दचकून पोटाशी ओढून घेतले.

तांब्या तसाच हातात होता. डोळे भरून आलेले.

"थंड आहे बे," ते म्हणाले.

"हो, मामाजी."

त्यांनी पुन्हा ओतलं. सावकाश. गुरुजी म्हणाले, एकदा पुरे. सरांनी गळ्यातली शिट्टी उचलून फुंकली. छर्रा पुन्हा आत बसला होता, ती वाजली. गुरुजी गप्प बसले, आणि सर पाणी ओतत राहिले.